न मारलेली चापट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — मी तेव्हा बोलले ते खरंच घडलं होतं, असं त्याला अजून वाटतं. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

सौदीतल्या यान्बूत होतो आम्ही तेव्हा. नवरा रिफायनरीत, मी एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. माझी सई आठ महिन्यांची असल्यापासून खालच्या मजल्यावरच्या हमीदाखालांकडे राहायची. खाला रत्नागिरीकडच्या, पन्नाशीच्या. नवरा एका गोदामात कामाला. सई धरून बिल्डिंगमधली तीन पोरं त्या दिवसभर सांभाळायच्या. त्यांचा इकामा, तिथं राहायचा परवाना, नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे काम करायची परवानगीच नाही. पण त्या इकाम्याची दरवर्षीची फी भरली जायची ती या पोरांच्याच पैशांतून. हे मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं मला — आधीच सांगून टाकते.

पहिल्याच दिवशी बोली झाली होती. उन्हाळ्यात आम्ही दोन महिने भारतात जायचो. तेवढे दिवस खाला सईची जागा राखून ठेवणार, दुसरं पोर घेणार नाहीत. आणि परत आल्यावर मी त्यांना त्या दोन महिन्यांचा अर्धा पगार द्यायचा. कागद-बिगद काही नाही. तीन उन्हाळे दिला — कुरकुरत, पण दिला.

चौथ्या उन्हाळ्यात सुट्टी संपवून आलो आणि नवऱ्याची पार दुसऱ्या टोकाला, अल-खोबरला बदली झाली. पंधरा दिवसांत सामान हलवायचं होतं. सई आता खालांकडे जाणारच नव्हती, मग जागा राखल्याचे पैसे कशाला — असं माझ्या डोक्यात आलं. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात हॉस्पिटलनं माझ्या सुट्टीच्या पगारातले चार दिवस कापले होते, आणि मी ऑफिसात भांडभांड भांडून ते वसूल केले होते. हक्काचे पैसे म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? पैसे नव्हते का माझ्याकडे? होते. पर्समध्येच होते.

खालांनी दोनदा फोनवर विचारलं. मी ‘बघते’ म्हणाले. तिसऱ्यांदा त्या वर आल्या. शेजारच्या दोघीजणी मला भांडी कागदात गुंडाळू लागत होत्या. दोघींचीही पोरं खालांकडेच. त्यांच्यासमोर खालांनी विचारलं, अगदी हळू, "बाय, ते सुट्टीचं राहिलंय ना गो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली — पैसे बुडवल्याची नाही, चारचौघींत मागितल्याची. आणि — कसं लिहू हे — माझ्या तोंडून निघालं, "माझ्या पोरीला चापट मारता, आणि वर पैसे मागता?"

त्या दोघींचे हात थांबले. खाला सईसमोर खाली बसल्या. "तूच बोल पोरी. खालानं तुला मारलं कदी?" सईला नुकतं पाचवं लागलं होतं. तिनं खालांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तेव्हासुद्धा मी सगळं मागे घेऊ शकले असते, नाही का? मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सांग बेटा, घाबरू नकोस."

सईनं हो म्हणून मान डोलावली.

खाला उठल्या आणि गेल्या. पैशांचं नाव त्यांनी परत काढलं नाही. तक्रार तरी कुठं करणार होत्या? काम करतात हे उघड झालं असतं तर त्यांच्याच अंगाशी आलं असतं. बोलताना मला हेही माहीत होतं.

आम्ही निघून गेलो. त्या दोघींनी महिन्याभरात पोरं काढून घेतली, हे त्यांच्यातल्याच एकीनं मला फोनवर सांगितलं. इकामा संपत आला तेव्हा फी भरायला काही नव्हतं. त्यांचा नवरा यान्बूतच राहिला आणि खाला एकट्या गावी परतल्या, कायमच्या. फोनवरची म्हणाली, बरं झालं तू बोललीस.

सई आता तेरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, मी किचनमध्ये सरबत करत होते. लहानपणी आपल्याला सांभाळणारी बाई कशी मारायची, ते ती त्यांना इंग्रजीत सांगत होती. कुठल्या गालावर, तेही. मारताना बाईच्या काचेच्या बांगड्या कशा लागायच्या, तेही. तिचा आवाज कापत होता. खोटं बोलत नव्हती हो ती — तिला आठवत होतं.

खालांच्या हातात बांगड्या नसायच्या. लहान पोरांना लागतात म्हणून त्यांनी त्या काढून ठेवल्या होत्या.

"मम्मा, यू रिमेंबर ना?" सईनं हॉलमधून विचारलं.

मी म्हणाले, हो.