सुजाताच्या नावानं सोडायचे मासे

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या फ्रीवेवर अडकले होते. मिलिंदराव, तिचे यजमान, एवढंच म्हणाले, "ताई, ती गेली हो..." आणि माझ्या मनात आधी काय यावं? आता हिच्या ओढ्याकडे कोण बघणार! जिवाभावाची मैत्रीण गेली आणि मला माशांची काळजी. पण तिला ओळखणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही.

नागपूरला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. झूऑलॉजी करून ती इकडे अमेरिकेत आली आणि सिअ‍ॅटलच्या वरच्या अंगाला एका हॅचरीत लागली. हॅचरी म्हणजे सॅमन माशांची अंडी उबवायची, पिल्लं टाक्यांमध्ये खाऊपिऊ घालून वाढवायची आणि मग नदीत सोडून द्यायची. पहिल्या वर्षी तिचा आनंद काय सांगू! "माझी लेकरं समुद्राला चालली गं!" असं फोनवर ओरडली होती. धरणांनी मासा आटवला, तो आपण भरून काढतोय, असं तिला वाटायचं. मराठी मंडळाच्या जेवणात कुणी समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढवलेला सॅमन आणला की ही ताट बाजूला सारायची. "त्या पिंजऱ्यांतल्या उवा जवळून जाणाऱ्या जंगली पिल्लांना लागतात, जीव घेतात त्यांचा. आणि तुम्ही वर लिंबू पिळा!" समोरच्याचा घास तोंडातच राहायचा. भीड म्हणून बाईला नव्हतीच.

मग तिचा सूर बदलत गेला... "आपण तरी काय वेगळं करतोय गं?" असं विचारायला लागली. टाकीतली पिल्लं गुबगुबीत. नदीत गेली की तिथंच जन्मलेल्या बारक्यांना खाण्यावरून, लपायच्या जागेवरून हुसकून लावतात. पुढे त्यांचं जंगली माशांशी बीज मिसळतं आणि होणारी पिढी तेवढी चिवट निघत नाही. नोकरी तिनं सोडली नाही, नदीवर पोट असणाऱ्यांना मासा लागतोच. पण तिच्या घरामागच्या ओढ्यात जंगली सॅमन अजून आपापले येत होते. तिथं हॅचरीचा एकही मासा सोडू नका म्हणून ती मीटिंगा-मीटिंगांतून भांडली. हा सगळा घोर ती मला मराठीत सांगायची. लेक यशू इथंच जन्मलेली, मायलेकींचं बोलणं इंग्रजीत, तेही शाळा, डेंटिस्ट आणि गाडीच्या किल्ल्यांपुरतं. आई मासे वाढवते, याचा मात्र पोरीला कोण अभिमान!

तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, त्याला मी गेले. बुद्धवंदना झाली आणि यशू उभी राहिली. "नेक्स्ट सॅटर्डे आईच्या नावाने आपण तिच्या क्रीकमध्ये बेबी सॅमन रिलीज करणार." हॅचरीतले लोक तयार होते, परवानगी मिळाली होती. नको म्हणणारी एकटी सुजाता होती, ती आता नव्हती. लोकांनी डोळे पुसले. मी मिलिंदरावांकडे पाहिलं तर ते हळूच म्हणाले, "ताई, पोरगी आज पहिल्यांदा धड जेवली. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?" काय बाप्पा हा पेच! पोरीचं दुःख हलकं करायचं की तिच्या आईचा ओढा राखायचा? आठवडाभर तिथंच राहिले, पण जिवाला चैन नव्हती.

शनिवारी ओढ्यावर हॅचरीतल्या पिल्लांच्या बादल्या आल्या. शेवटी मी यशूला बाजूला घेतलं आणि बादलीवर हात धरला. सगळी पिल्लं तोंड उघडून वर आली. सावली पडली की खाणं पडतं, एवढंच त्यांना ठाऊक. मग काठाशी ओढ्याच्या पाण्यावर तोच हात धरला. उथळ पाण्यातली बारकी पिल्लं क्षणात दगडांखाली गडप झाली.

"देअर आर ऑलरेडी बेबीज हिअर," यशू म्हणाली.

"तिला त्यांचीच काळजी होती गं. हॅचरीतली सोडली की यांना हुसकून लावतात, म्हणायची."

"सो शी वॉज राँग? होल लाइफ?" तिचा आवाज फाटला. मी इंग्रजीत काहीबाही सांगायला गेले आणि अडकले. "नो, मावशी. मराठीत सांग. ती बोलायची तसंच."

मग सुजाताच्याच शब्दांत सांगितलं. "माझ्या हातची लेकरं मला लाडकीच आहेत गं. पण त्यांच्यापायी या बारक्यांचं घर जायला नको. रात्र रात्र डोळा लागत नाही." यशूला किती कळलं, कोण जाणे. ती खूप रडली. मग तिनंच बादल्यांना झाकणं लावली आणि ट्रकमध्ये चढवल्या. "मग आता करायचं काय?" कुणीतरी विचारलं. "नथिंग," ती म्हणाली, "इथे काही नाही टाकायचं."

मी परतले. बरं केलं की वाईट, हे अजून मनात कुरतडतंच आहे. सोडले असते तर निदान मासे दिसले तरी असते. आता नुसती वाट बघायची. ओढ्यातले ते जंगली मासे समुद्रातून परत येतील, न येतील...

परवा पोळ्या लाटताना फोन वाजला. यशू होती. हॅलो नाही, काही नाही, मोडक्या मराठीत सुरूच झाली, "मावशी, आज पाणी कमी आहे. पिल्लं नाही दिसली. ती ठीक असतील ना गं?"

मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले. सुजाताचा फोन आला की बसायची, तशीच.