माझा हंडा कोण भरतं?

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नवऱ्यानं नाही, मंडळीतल्या एकाही बाईनं नाही. आणि ह्याच बाया दर गुरुवारी डोळे मिटून म्हणायच्या, न पाहता विश्वास ठेवणारे ते धन्य! येशू पाण्यावरून चालला, हे त्यांना पटायचं. माझा पाण्याचा हंडा कुणीतरी गुपचूप भरून ठेवतं, एवढं काही पटेना!

पण ते शेवटी. आधीचे किस्से सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही. आमच्या मंडळीतले किस्से म्हणजे भाताच्या गिरणीबाहेरचं तूस. कुणी मुद्दाम साठवत नाही, आपोआप ढीग होतो, आणि वारा सुटला की सगळ्यांच्या डोळ्यांत जातो.

मंडळी कसली, सात घरं! कर्जत स्टेशनामागं रेल्वेची चाळ होती, त्यातली सात घरं ख्रिस्ती. पाळकसाहेब घाटावरून महिन्यातून एका रविवारी यायचे. दर गुरुवारी मात्र आम्ही बायाच, दुपारी, भांडी घासून झाल्यावर.

*

पाळकसाहेब भला माणूस. शिकलेले, पण सांगताना आमच्या घरातलं उदाहरण शोधायचे. पुण्याकडं जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि घाट चढायला तिला मागून इंजिन लावतात, हे त्यांनी पाहिलं आणि खूश झाले.

त्या रविवारी म्हणाले, "देव म्हणजे ते मागचं इंजिन! पुढचा ड्रायव्हर समजतो, मीच ओढतोय. पण ढकलणारा मागं असतो, आणि तो दिसत नाही!"

खिडकीतून डोंगर दिसत होता, धुक्यात अर्धा विरघळलेला. खरंच वाटलं, पाठीवर कुणाचा तरी हात आहे.

तेवढ्यात माझा नवरा उभा राहिला. दाऊद त्याचं नाव, आणि गाडीला ते मागचं इंजिन जोडायची ड्यूटी त्याचीच.

"साहेब, बरोबर हाय. पण घाट चढला का मागचं इंजिन सोडून देतात. आन् गाडी वळून बघत बी नाय!"

पाळकसाहेब खाली बसले. पुढच्या महिन्याचं प्रवचन त्यांनी त्याच्यावरच केलं!

*

एकदा विषय निघाला, शत्रूवर प्रीती करा. पाळकसाहेब म्हणाले, नुसतं ऐकून उपयोग नाही, करून बघा. प्रत्येक घरानं आपल्या शत्रूचं नाव चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाकायचं, आणि आठवडाभर त्याच्यासाठी प्रार्थना करायची. आमच्या घरातून आम्ही दोघांनी दोन टाकल्या, दाऊदला राहवेना म्हणून!

त्यांनी चिठ्ठ्या मनातल्या मनात वाचल्या. एक वाचली, दुसरी वाचली. तिसरीला चष्मा पुसला. सगळ्या संपल्यावर माझ्याकडं बघून फार मायेनं म्हणाले,

"शांताबाई, ह्या आठवड्यात तुमच्यासाठी खूप प्रार्थना होणार आहे."

सगळ्या बाया कौलं मोजायला लागल्या! मी बोलते तोंडावर, त्याचं हे फळ. त्यांचं मला काही वाटलं नाही. पण घरी जाताना दाऊद माझ्यापासून दहा पावलं मागं चालत होता, तेव्हा मला कळलं, त्यातली एक चिठ्ठी कुणाची!

*

माझी चिठ्ठी मात्र कोरी होती. मला शत्रू नव्हता असं नाही; होती एक. तिचं नाव लिहायला हात धजेना.

ती माझ्या भिंतीपलीकडं राहायची. मी तिला 'पलीकडची' म्हणायची. खरं तर तिचा आजा आणि माझा आजा सख्खे भाऊ. खालापूरकडं कुंभिवलीला आम्ही दोघी एका अंगणात वाढलो, एका ताटात जेवलो, लावणीच्या चिखलात एकमेकींना ढकललं. माझा आजा ख्रिस्ती झाला, तिचा नाही. पुढं दोघींची लग्नं रेल्वेतल्या माणसांशी झाली आणि नशिबानं चाळीतल्या खोल्याही शेजारी आल्या. मला बहीण मिळाल्यासारखं झालं!

छप्पन साली तिच्या घरचे बौद्ध झाले. देव्हारा गेला. पौर्णिमेला ती पांढरं लुगडं नेसून वंदनेला जायला लागली. मला वाटलं, अर्धी वाट चालून आलीये, उरलेली मी चालवते. म्हणून एकदा नळावर सगळ्यांसमोर तिला म्हणाले,

"आता देवच नाय तुमाला, तर अडीअडचणीला हाक कुनाला मारशील गं?"

ती हंडा विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "मान्सांना मारीन. मान्सं हायेत की."

नळावरच्या बाया हसल्या. मला राग आवरला नाही. मी तिच्या हंड्याला लाथ मारली. हंडा गडगडत रुळापर्यंत गेला. तिच्या हंड्याला पोचा पडला आणि माझ्या जिभेला कुलूप. सहा वर्षं मी तिच्याशी बोलले नाही, तिचं नावही घेतलं नाही. एका भिंतीला पाठ लावून दोघी भाकरी थापायचो. तिच्या थापण्याचा आवाज मला यायचा, माझा तिला जात असणार.

*

मग भोपळ्याचं झालं.

पाळकसाहेबांनी शिकवलं, दान असं करा की उजव्या हातानं काय दिलं ते डाव्याला कळू नये. लगेच सगळ्या बाया गुप्त दानाला लागल्या! दारात वस्तू ठेवायची आणि पळायचं. कुणी विचारलं तर नाही म्हणायचं.

रूथमावशी आमच्यातली सगळ्यांत म्हातारी. तिच्या कुंपणावर तांबडा भोपळा धरला होता. तो तिनं मार्थाबाईच्या दारात ठेवला. मार्थाबाई म्हणजे आमच्या मंडळीची पुढारीण, प्रार्थना सगळ्यांत लांब तिची. तिच्या घरी भोपळा कुणी खात नाही. तिनं तो माझ्या दारात ठेवला. दाऊदला भोपळ्यानं पोट फुगतं, मी पुढं सरकवला. असा भोपळा सातही घरं फिरला!

रविवारी रूथमावशी साक्ष द्यायला उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

"मंडळी, मी माझा एकुलता एक भोपळा देवासाठी दिला. आन् देवानं मला दुसरा पाठवला! अगदी तसाच! देठाला नख लागलेलं सुद्धा तसंच!"

आम्ही सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. काय करणार!

*

त्याच वर्षी थंडीत माझा पाय मोडला. प्रार्थनेच्या खोलीच्याच पायरीवरून घसरले. प्लॅस्टर मांडीपर्यंत. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. दाऊदची ड्यूटी पहाटे, आणि नळाला पाणीही पहाटेच, तासभर. पाणी भरायचं कुणी? मंडळीतल्या बायांना विचारावं, तर सगळ्यांना मी कधी ना कधी बोललेली. मेले असते, पण मागितलं नसतं. रिकामा हंडा तसाच बाहेर ओट्यावर.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर हंडा काठोकाठ भरलेला! वर काठ पदरानं पुसल्यासारखा कोरडा.

मग रोजच. पहाटे मी अर्धी जागी, अर्धी झोपेत असायची. बाहेर धुकं, लांब इंजिनाची शिटी, आणि मग ओट्यावर हंडा टेकल्याचा आवाज. टक्क. एवढाच. मला वाटायचं मी कुंभिवलीच्या अंगणात निजलेय, आई विहिरीवरून आलीये, आता हाक मारील. हाक यायची नाही. पावलं जायची. मी पडल्या पडल्या त्या पाण्याकडं कान लावून असायची. कुणाच्या तरी हातचं पाणी मी रोज पीत होते आणि कुणाच्या ते मला माहीत नव्हतं. तहान भागायची, जीव निवायचा नाही.

दाऊदला सांगितलं. तो चिडला. "कुनी येत नाय. तूच जातेस लंगडत नळावर! पाय कायमचा घालवशील. पुना भरलेला दिसला, तर तुला सोलापूरला भैनीकडं पाठवीन."

दाऊदची बहीण! त्यापेक्षा दुसरा पाय मोडलेला बरा.

*

गुरुवारी बाया माझ्याच खोलीत प्रार्थनेला जमल्या. मी सरळ विचारलं, "हंडा कोन भरतं?"

रूथमावशी म्हणाली, मी नाही. एकेक करून सगळ्या म्हणाल्या, मी नाही. पण भोपळ्यापासून आमच्यात 'नाही'ला काय किंमत उरली होती? जी भरत असेल ती नाहीच म्हणणार!

शेवटी मार्थाबाईनं डोळे खाली घातले, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "मी... नाही हो."

असं म्हणाली, की रूथमावशीनं तिचा हात धरून डोळ्यांना लावला! झालं, सगळ्यांना पटलं, मार्थाच. मी म्हणाले, "अगं, मार्था पहाटे उठली तर कोंबडा राजीनामा देईल!" कुणी ऐकेना.

पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी भल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. वाटेवर जखमी पडलेल्याला आपल्या धर्माचे दोघं टाकून गेले, आणि ज्याला लोक परका मानायचे तो शोमरोनी थांबला. मग विचारलं, "बायांनो, आपल्या गल्लीत असा शोमरोनी कोण?"

मार्थाबाई ताडकन म्हणाली, "साहेब, आपल्या गल्लीत शोमरोनी राहत नाहीत. एक मारवाडी आहे फक्त!"

पाळकसाहेबांनी लगेच शेवटची प्रार्थना केली.

*

आता शेवटचा.

दाऊदनं सोलापूरला पत्र टाकायची तयारी केली. तेव्हा मी ठरवलं, पुरावा पाहिजे. बुधवारी संध्याकाळी हळद कालवली आणि हंड्याच्या गळ्याखाली, पोटाला, जाड लेप दिला. काळपटलेल्या तांब्यावर, पहाटेच्या अंधुकात, दिसायचं नाही. धरेल त्याच्या हाताला लागेल.

पहाटे जाग आली तेव्हा झडपेच्या फटीतून चांदणं आत आलं होतं. बाहेर धुकं दुधासारखं. त्या धुक्यात काहीतरी पांढरं हललं. नळाकडं गेलं, परत आलं. टक्क. मी 'कोन गं?' म्हणायला तोंड उघडलं, पण झोपेत उघडतं तसं, आवाजच फुटेना.

दुपारी बाया आल्या. मी पांढऱ्याचं सांगितलं. मार्थाबाई म्हणाली, "देवदूत कधीपासून रेल्वेच्या नळावर पाणी भरायला लागले गं?" सगळ्या हसल्या.

"हसा," मी म्हणाले. "आता गाणं म्हणू. सगळ्यांनी हात वर करा. तळवे माझ्याकडं."

हात वर झाले. आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांचे हात पिवळे! विसरलेच होते मी, सकाळी कालवण करून आलेल्या बायांचे हात दुसऱ्या कुठल्या रंगाचे असणार?

एकीचेच हात स्वच्छ होते. सून आल्यापासून चुलीकडं न फिरकलेल्या मार्थाबाईचे!

हळदीचं कळल्यावर रूथमावशीनं मार्थाबाईचे तळवे बघितले, मग तोंड बघितलं, आणि धरलेला हात सोडला. मार्थाबाई लाल झाली. उठून उभी राहिली.

"प्रार्थनेच्या नावाखाली आमची झडती घेतलीस! आमच्यावर आळ घेतलास! आता सोडणार नाय तुला. आमी कुनी नाय, तू नाय, मग कोन? घे नाव! आत्ता घे!"

मी उत्तर देणार होते, चांगलं झणझणीत. पण माझी नजर उघड्या दारातून अंगणात गेली.

दोरीवर पांढरं लुगडं वाळत होतं. पौर्णिमा होती त्या दिवशी. वारा आला की लुगडं फुगायचं, जणू आत कुणी उभं आहे. बाई हंडा कमरेवर घेते, त्या कमरेच्या जागी एक डाग होता, हंड्याच्या पोटासारखा गोल, अर्ध्या चंद्राएवढा. धुवून काढायचा प्रयत्न केलेला दिसत होता. हळदीला साबण लागला की ती लाल होते. तशी कडेनं लाल झालेली, मधे पिवळी.

भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"बोल की!" मार्थाबाई म्हणाली. "कुनी केलं हे?"

सहा वर्षांत माझ्या जिभेला ते नाव लागलं नव्हतं. आणि आलं ते तिचं मोठेपणीचं नाव आलंच नाही. कुंभिवलीच्या अंगणात हाक मारायची ते आलं. भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"अनशी!"