पाठ झालेली क्रियापदं

स्ट्रोक आला तेव्हा यांचा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकदमच गेलं. पाय आधी परत आला, हात थोडासा आला. बोलणं आलं नाही. ऐकलेलं बरंच समजतं, शब्द बाहेर पडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. तहान लागली की हे पाण्याच्या बाटलीकडे नुसते बघत बसायचे. मी वेळ घालवला नाही. जे. पी. नगरातल्या आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल असं स्पीच थेरपीचं क्लिनिक शोधलं आणि जायला लागले. रडण्याचं नंतर बघू म्हटलं. यांनी स्वतःच्या मनाने मला एकदा काहीतरी म्हणावं, एवढंच हवं होतं. चहात साखर जास्त झालीय म्हणाले असते तरी चाललं असतं.

थेरपिस्ट हुबळीकडची, आमच्या मुलीहून लहान. मला अक्का म्हणायची. लहानपणी घोकून पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं, तिने समजावलं. बोलणं गेलेली माणसंसुद्धा कधी कधी वार किंवा आकडे म्हणून दाखवतात, आणि मग त्या धाग्याला धरून हळूहळू बाकीचं ओढायचं. आम्ही वार करून पाहिले, आकडे, पाढे, आरत्या. सोमवारच्या पुढे मंगळवार काही आला नाही.

क्रियापदं सापडली ती क्लिनिकच्या पॅसेजमध्ये. हे भिंतीला धरून उभे होते, आणि ती थेरपिस्ट मुलगी सहज म्हणाली, "वॉक, सर."

"वॉक्ड, वॉक्ड," हे म्हणाले. स्वच्छ, शाळकरी हेल काढून.

आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. मी घाईने म्हटलं, "प्ले."

"प्लेड, प्लेड."

हे सीमाभागातल्या मराठी शाळेत शिकले. पुढे इथे महादेवपुऱ्याच्या ऑफिसात सगळी नोकरी इंग्रजीत केली, पण हे इंग्रजी ते नव्हतं. हे अर्ध्या चड्डीतलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नाश्ता झाला की दोन खुर्च्या समोरासमोर. मी पहिलं रूप सांगायचं, यांनी उरलेली दोन. 'गो' आणि 'ईट' मी वगळली, कारण तिथे हे अडकायचे आणि कपाळाला घाम यायचा. सरळ वळणाची क्रियापदं तेवढी घेतली, सगळ्यांना मागे तीच शेपटी लागणारी. मग शाळेत कधी ऐकलीच नसतील अशी टाकून पाहिली. 'डाउनलोड' म्हटलं, त्यालाही शेपटी बरोबर लागली. म्हणजे नुसती पोपटपंची नाही, डोकं चालतंय. मी लगेच थेरपिस्टला फोन लावला. ती म्हणाली, चांगलं आहे, पण आता साखळी तोडायला हवी. शब्द कामाला लावा.

म्हणून चहाचा कप समोर धरून मी 'वॉन्ट' म्हणायची. यांनी तेवढंच म्हणावं आणि कप घ्यावा. हे पुढची दोन रूपं म्हणायचे आणि कपाकडे असे बघायचे, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

आणखी एक होत होतं. उत्तर दिलं की हे खुर्चीतून उठायला बघायचे. दरवेळी. पाय अवघडला असेल असं मला वाटायचं. पडतील म्हणून मी खांदा दाबून खाली बसवायची. "बसा, अजून आहेत."

याच सुमारास बेळगावहून नणंद आली, यांची धाकटी बहीण. पहिल्या दिवशी ती शेंगा सोलत बाजूला बसली आणि ऐकून हसायला लागली. "दादा, मराठी सगळी गिळलास आणि इंग्रजी तेवढी ठेवलास होय रे?" यांचा अर्धा चेहरा हसला. मी पुढचं क्रियापद सांगितलं, यांनी उत्तर दिलं, उठायला लागले, मी खांदा दाबला. तिचं हसणं तिथेच थांबलं.

"वैनी, सोडा की त्याला. बरोबर सांगितलाय त्यानं."

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. त्यांच्या शाळेचे इंग्रजीचे मास्तर शाळा सुटताना वर्गाच्या दारात उभे राहायचे. रांगेतल्या प्रत्येकाला एक क्रियापद. रूपं बरोबर आली की दप्तर उचलून घरी. चुकला तो पुन्हा रांगेच्या शेवटी. दोघं एका वर्गात नव्हते, पण तिच्याही वर्गाला तेच मास्तर होते. "हा कधी चुकायचा नाही," ती म्हणाली. "मी रोज शेवटी. माझ्यासाठी बाहेर थांबायचा बिचारा." तिने पदर तोंडाला लावला आणि शेंगांची परात उचलून आत निघून गेली.

इतके आठवडे हे बरोबर उत्तर देत होते आणि मी घरी सोडत नव्हते.

थेरपिस्टला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सरी अक्का, ठीक आहे. एकदा सोडून तर बघा." त्यांना आपण कुठे आहोत ते कळेल, कदाचित काही बोलतील, असं तिला वाटत होतं. मलाही.

सकाळी मी 'ओपन' म्हटलं. उत्तर आलं. मी म्हटलं, "बरोबर. जा घरी."

हे उठले. काठी घेतली नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. पाय ओढत, पण घाईने, दार ओलांडून फाटकाबाहेर गेले. मी दोन हात मागे राहून चालत होते. गल्लीत भाजीची गाडी उभी होती, शेजारीण कार धूत होती. यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. चेहऱ्यावरची घाई हळूहळू उतरली. तिथे ओळखीचं काही नव्हतं.

मग हे वळले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पाय जुळवलेले, हात अंगालगत, नजर माझ्या तोंडाकडे. एवढ्या वर्षांत यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. चिडून पाहिलं असेल, कौतुकाने पाहिलं असेल. भिऊन कधी नाही.

"अहो," मी म्हटलं, "मी आहे."

हे पुढच्या क्रियापदाची वाट पाहत राहिले.

ते मी सांगितलं नाही. उत्तर बरोबरच आलं असतं, आणि मला पुन्हा घरी जा म्हणावं लागलं असतं. मी यांचा उजवा हात हातात घेतला आणि आम्ही तसेच फाटकात उभे राहिलो. शेजारणीने नळ बंद करून कन्नडमध्ये विचारलं, काय झालं अक्का, कुठे निघालात? मी म्हटलं, कुठे नाही.