एका पंपाच्या तीन गाड्या

याकोब मास्तरांना जगाकडून फार अपेक्षा नव्हत्या. जगाने नियमाने वागावे, एवढी एकच होती, आणि ती एकही दिवस पुरी झाली नाही. मिशनच्या शाळेत ते इंग्रजी आणि भूमिती शिकवीत. शाळेची घंटा उशिरा होते, नगरपालिकेचा नळ वेळेआधी जातो, रविवारच्या उपासनेत मागच्या बाकावरची मंडळी गीत सुरू झाल्यावर आत येतात, या सगळ्यांबद्दल त्यांनी वेळोवेळी योग्य त्या माणसापाशी योग्य त्या शब्दांत तक्रार केलेली होती. योग्य त्या माणसाने ती दर वेळी मान डोलावून ऐकली होती, आणि घंटा, नळ व मागचा बाक यांत काडीचाही फरक पडला नव्हता.

अशा माणसाने मोटारींचे मंडळ काढावे, याचे नगरला नवल वाटले. पण गाडी मास्तरांच्या हाती अचानकच आली होती. मिशनचे एक साहेब कायमचे विलायतेला निघाले तेव्हा त्यांची बुटकी, हिरवी मॉरिस मायनर मास्तरांनी घेतली. लष्करातले गोरे अधिकारी आणि साखर कारखान्यांचे जुने मॅनेजर असेच एकेक करून गेले होते, आणि त्यांच्या गाड्या भिंगार छावणीपासून स्टेशन रोडपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या अंगणात धूळ खात उभ्या होत्या. त्या गाड्यांना मान मिळावा, पाऊस सरला की दिवाळीनंतर सर्वांनी मिळून सहलीला निघावे, म्हणून मास्तरांनी ‘नगर विलायती मोटार मंडळ’ स्थापन केले. अध्यक्ष म्हणून त्यांनी राहुरीकडचे बागायतदार काकासाहेब यांना बोलावले, कारण काकासाहेबांची काळी वूल्झली सर्वांत लांब होती. स्वतः ते चिटणीस झाले. चिटणीस म्हणजे सगळी कामे करणारा आणि फोटोत कडेला उभा राहणारा माणूस, हे त्यांना पुढे कळले.

मंडळाचे नियम मास्तरांनी एका बैठकीत लिहून काढले होते. भोंगा केव्हा वाजवावा, निशाण कोणत्या हाताने हलवावे, कोणत्या गाडीने कोणत्या गाडीच्या किती मागे राहावे, हे सर्व त्यांत होते. पण पहिला नियम निराळा होता. विलायती माल येणे बंद झाल्यामुळे सुटे भाग मुंबईतही मिळेनासे झाले होते. म्हणून मास्तरांनी मोठ्या मनाने लिहिले होते की, सभासदाने दुसऱ्या सभासदाच्या उभ्या गाडीचा कोणताही भाग मागितल्यास तो नाकारू नये. एवढे लिहून त्यांनी पूर्णविराम दिला. घेतलेला भाग परत केव्हा द्यावा, हे लिहिण्याची त्यांना गरज वाटली नाही. सभ्य माणसे परत देतातच, अशी त्यांची समजूत होती.

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे सत्तर साली, मास्तरांना सहलीची ओढ नेहमीपेक्षा अधिक होती. त्यांच्या पत्नी सारा यांची थोरली बहीण एलिझाबेथ राजूरला परिचारिका होती. गेली कित्येक वर्षे ती नाताळला नगरला येई आणि जाताना एकच विचारी, “मग याकोब, तुमची गाडी राजूर कधी बघणार?” तिच्या आवाजात विष नव्हते, म्हणूनच ते जास्त लागे. सहलीचा मार्ग दर वर्षी काकासाहेबांच्या सोयीने ठरे. एकदा त्यांच्या साडूच्या गावी, एकदा कुण्या पुढाऱ्याच्या सत्काराला. या वर्षी मास्तरांनी सभेत हट्टाने भंडारदऱ्याचा मार्ग मंजूर करून घेतला, कारण भंडारदऱ्याला जाताना राजूर वाटेत लागते. सारा यांनी त्याच दिवशी बहिणीला कळवून टाकले की, आम्ही येतो, आमच्या गाडीने येतो, आणि सगळे मंडळ बरोबर येते.

सहलीआधी प्रत्येक गाडीला इमामपूरचा घाट न थांबता, कुणी न ढकलता चढून दाखवावा लागे. हाही मास्तरांचाच नियम होता. एकेका रविवारी एकेक गाडी घाटाखालून निघे, आणि उपासना आटोपून, घाईने चार घास खाऊन मास्तर निशाण घेऊन घाटमाथ्यावर उभे राहत. या वर्षी धावत्या गाड्या तीनच उरल्या होत्या. पहिल्या रविवारी मास्तरांनी स्वतः मॉरिस चढवली. ते बघायला काकासाहेबही आले होते, आणि परत निघताना त्यांनी सहज विषय काढला. टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत ओढणारा जो विजेचा पंप असतो, तो त्यांच्या वूल्झलीत पडदा फाटून बसला होता. मॉरिसचा तसाच होता. मुंबईहून नवा येतोच आहे, तोवर घाटापुरता द्या, असे त्यांनी सांगितले. मास्तरांनी दिला. पहिला नियम होता, आणि काकासाहेब सभ्य होते.

पुढच्या रविवारी वूल्झली घाट चढली. मास्तरांनी निशाण हलवले आणि स्वतःच्या मनाची कशीबशी समजूत घातली की, पंप उसना असला तरी चढ गाडीनेच चढला.

त्यानंतरच्या रविवारी सूर्यभान वकिलांची पाळी होती. ते मूळचे जामखेडचे, आणि त्यांची करडी मॉरिस ऑक्सफर्ड सगळ्यांत जड. ती व्यवस्थित वर आली. वकिलांनी माथ्यावर इंजिन बंद केले, सिगारेट पेटवली, आणि निघण्यासाठी पुन्हा किल्ली फिरवली. त्या जातीचा पंप किल्ली फिरवली की आधी टकटकतो, आणि मास्तरांच्या पंपाला एक खोड होती. दोन ठोके नीट, मग एक अडखळून, जणू लंगडा माणूस पायरी चढतो आहे. घाटावरच्या वाऱ्यात मास्तरांनी तो लंगडा आवाज ऐकला आणि त्यांच्या हातातले निशाण तसेच खाली आले.

वकिलांनी काही लपवले नाही. त्यांचाही पंप बसला होता. त्यांनी काकासाहेबांकडे मागितला, काकासाहेबांनी नियमाप्रमाणे दिला. आता एकच पंप तीन गाड्यांना घाट चढवून मोकळा झाला होता, आणि तिन्ही गाड्या सहलीस पात्र आहेत असे चिटणिसांनीच जाहीर केलेले होते. एकाच दिवशी मात्र त्यांतली एकच चालणार होती.

मास्तर स्टेशन रोडवर गहिनीनाथ मिस्त्रीच्या गॅरेजात गेले. तिथे त्यांची मॉरिस बॉनेट उघडून उभी होती आणि पंपाच्या जागी दोन तारा लोंबत होत्या.

“मास्तर, माज्यावर नका चिडू,” गहिनीनाथ म्हणाला. “मला म्हनले काढ, मी काढला. म्हनले बसव, मी बसवला. आता परत काकासायबांच्या गाडीत बसवून आलोय. त्यो पंप माज्यापेक्षा जास्त हिंडलाय.”

मग मास्तर काकासाहेबांच्या नगरमधल्या बंगल्यावर गेले. चहा झाला, उसाच्या तोडणीविषयी बोलणे झाले. मुंबईचा पंप आला नव्हता, आणि तो येणार आहे असेही आता कुणी म्हणत नव्हते. मास्तरांनी आपली मागणी मुद्द्यांनिशी मांडली. काकासाहेबांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

“मास्तर, तुमी लई शिकलेले,” ते म्हणाले. “नियम तुमचा हाय, मी आडानी मानूस, मी नुसता पाळतो. त्यात परत द्यायचं कुठं लिवलंय? आन तुमाला काय कमी हाय? बाईंना घेऊन बसा की आमच्या गाडीत. मागं लई जागा हाय.”

मास्तर घरी आले आणि जेवायला बसले नाहीत. आयुष्यभर ज्या लोकांनी त्यांचे नियम मोडले त्यांच्याशी कसे बोलावे, हे त्यांना ठाऊक होते. नियम पाळून कुणी लुबाडले, तर कुठे तक्रार करावी हे त्यांना सुचेना. काकासाहेबांच्या गाडीच्या मागच्या गादीवर बसून राजूरला उतरायचे, आणि एलिझाबेथने खिडकीतून डोकावून म्हणायचे, “ही तुमची का?” त्यापेक्षा न गेलेले बरे, असे ते म्हणाले.

“न जायला काय झालं?” सारा म्हणाल्या. “अहो, तो नियम काय एकट्या काकासाहेबांसाठी आहे? तुम्ही सभासद नाही का?”

मास्तरांनी मान वर केली. मग त्यांनी ताट पुढे ओढले.

सहलीच्या दिवशी सकाळी किल्ल्यासमोरच्या मैदानावर मंडळी जमली. वूल्झलीला झेंडूच्या माळा होत्या. ऑक्सफर्ड बैलगाडीला बांधून आणली होती, शोभेसाठी. वकील सहकुटुंब आधीच वूल्झलीत जाऊन बसले होते. मॉरिस गहिनीनाथाने आणि त्याच्या भावाने ढकलत आणली. तिच्यात सारा बसल्या होत्या, गाडी चालवण्याच्या जागेवर, मांडीवर डबा घेऊन. लोकांना त्याचे हसू आले. काकासाहेबांनी नारळ हातात घेतला.

“काकासाहेब,” मास्तर म्हणाले, “आपली गाडी उभी आहे. पहिल्या नियमाप्रमाणे मी तिचा पंप मागतो.”

काकासाहेबांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “आत्ता?”

“आत्ता आणि नंतर असा भेद नियमात नाही.”

एवढ्या लोकांदेखत नाही म्हणावे, तर काल-परवाच नियमाची थोरवी गायलेली. काकासाहेब हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचले नाही. “घ्या की,” ते म्हणाले. गहिनीनाथाने कुणाच्याही तोंडाकडे न पाहता पंप काढला आणि मॉरिसमध्ये बसवायला घेतला. माळांनी सजलेली वूल्झली, आत वकील, वकिलीणबाई आणि मुले, सगळे तसेच बसून होते.

वकिलांच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. ते धडपडत उतरले. “मास्तर, थांबा. आता तुमची गाडी उभी आहे. सभासद या नात्याने मी—”

पण गहिनीनाथाने पाठ सरळ करताक्षणी सारा यांनी किल्ली फिरवली होती. दोन ठोके नीट, एक अडखळून. त्यांनी स्टार्टरची दांडी ओढली आणि इंजिन खोकत सुरू झाले.

“चालत्या गाडीचा भाग मागता येत नाही, वकीलसाहेब,” मास्तर म्हणाले. सारा डबा घेऊन पलीकडे सरकल्या, मास्तर आत बसले, आणि नारळ फुटण्याची वाट न पाहता मॉरिस मैदानाबाहेर पडली. मागून काकासाहेबांनी मोठ्याने जाहीर केले की, अध्यक्षांवाचून निघालेली गाडी म्हणजे मंडळाची सहल नव्हे, आणि नियमांप्रमाणे ते खरेच होते.

वाटेत मास्तरांनी इंजिन बंद केले नाही. कोल्हारला चहा प्यायला ते खाली उतरले नाहीत. सारा यांनी पेला खिडकीतून आत दिला. संगमनेरला रस्ता अडला होता तेव्हाही गाडी धडधडत उभी राहिली. मंडळाचा एकही सभासद मागे नव्हता, हे त्यांना दिसत होते. तरी किल्लीकडे त्यांचा हात जाईना. सारा यांनी वाटेत गप्पा मारायचा प्रयत्न केला, पण मास्तर मनातल्या मनात नियमाची नवी वाक्ये जुळवीत होते आणि प्रत्येक वाक्यात काकासाहेबांना शिरायला एक फट सापडत होती. परत गेल्यावर गहिनीनाथ पाना घेऊन दारात उभा असणार, हेही त्यांना स्पष्ट दिसत होते.

राजूरच्या अलीकडचा चढ मॉरिसने तक्रार न करता चढला. एलिझाबेथच्या दारापुढे मांडव घातला होता. सगळे मंडळ येणार म्हणून तिने शेजारच्या बायकांना हाताशी धरून पातेलेच्या पातेले भात आणि मटण शिजवले होते, आणि निम्मे राजूर गाड्या बघायला जमले होते. ती पुढे आली. तिने छोट्या हिरव्या गाडीकडे पाहिले, मग तिच्यामागच्या रिकाम्या रस्त्याकडे.

“एवढीच?” ती म्हणाली. “बाकीच्या?”

मास्तरांनी घसा साफ केला. मंडळाची रचना, पहिला नियम आणि त्यातील उणीव अशा क्रमाने सांगायला ते निघाले होते. सारा त्यांच्याआधी बोलल्या.

“बाकीच्यांच्या चालत नाहीत, ताई. आमची चालते.”

एलिझाबेथने पुन्हा एकदा गाडीकडे पाहिले. “मग या आत,” ती म्हणाली. “आणि भात संपल्याशिवाय परत जायचं नाही. मी सांगते, आठवडा लागेल.”

जमलेले लोक थोडे हिरमुसून पांगले. मास्तर मात्र उतरले नाहीत. कुणीतरी येऊन काहीतरी मागेल, म्हणून ते बराच वेळ तसेच बसून राहिले. कुणी आले नाही. मग त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन थांबले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांची गाडी नुसती उभी राहिली.