पाड्यापाड्यावर गोळा केलेले पासवर्ड

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विषय काढलाच, तर मी भाताच्या पिकाबद्दल बोलायला लागायचो.

भाची मुरबाडची, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. कॉम्प्युटर शिकलेली. मी किन्हवलीकडचा निवृत्त शाळामास्तर. आमच्याकडचे शेतकरी एका खाजगी कंपनीकडे खत नोंदवत. कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येकाचं खातं होतं, पण सगळं इंग्रजीत, आणि फोनवर धड उघडत नसे. भाचीने मराठीत ॲप बनवलं. शेतकऱ्याचा लॉगिन-पासवर्ड त्यात टाकला की ॲपच कंपनीच्या साइटवर जाऊन नोंदणी करायचं.

"मामा, आधी कंपनीला विचारू या," ती म्हणाली होती.

मी हसण्यावारी नेलं. "खातं लोकांचं, पासवर्ड लोकांचा. ते खुशीनं देतायत. कंपनीला कशाला विचारायचं गो?"

पाड्यापाड्यावर मीच फिरलो. गुरुजी मागतायत म्हटल्यावर कोणी शंका घेतली नाही. लोक पासवर्ड विसरतात म्हणून मी सगळ्यांना एकच ठेवायला लावला, गावदेवीचं नाव. फार शहाणपणा केला असं वाटलं होतं.

कोणीतरी तो ओळखला आणि भलत्यांच्या नावावरचं खत उचललं. कंपनीने तक्रार केली. आम्ही गाठलेल्या वकिलाने समजावलं ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ग्राहकाने पासवर्ड दिला म्हणजे कंपनीने परवानगी दिली, असं होत नाही. कंपनीच्या अटींप्रमाणे तो दुसऱ्याला द्यायचाच नव्हता. आणि आपण तो साठवून ठेवला, म्हणजे सांभाळायची जबाबदारीही आपलीच.

शहापूरच्या पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, पासवर्ड कोणी गोळा केले? मी म्हणालो, मला त्यातलं काही कळत नाही.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळली. "मामांना काय नाय माहीत. सगळं मीच केलं."

तिची बँकेतली नोकरी ठरली होती. गुन्हा नोंद झाला आणि ती नोकरी गेली. आता भाची मुरबाडला एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. बहिणीने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

केस अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला मी शहापूरला जातो, कोर्टाबाहेर भाचीशेजारी बसतो. ती माझ्यासाठी घरून भाकरी आणते. खाताना आम्ही तिच्या आईच्या गुडघेदुखीबद्दल बोलतो.

गेल्या तारखेला तिने मला एसटीत बसवलं आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "मामा, तुमी आता येऊ नका. ऊन सोसत नाय तुमाला."

मी बरं म्हणालो. गाडी सुटेपर्यंत ती तिथेच उभी होती. पोरी, पासवर्ड मी गोळा केले, साहेबांपुढे मी खोटं बोललो, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं.