आपापलं ताट

पृथ्वी वाचवायची असेल तर सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी लागते. मी ती थोरल्या भावाच्या घरापासून केली.

त्याआधी स्वतःच्या घरी काहीच केलं नव्हतं असं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे पर्यावरण हा विषय आमच्या हायस्कूलमध्ये आला. तासांची वाटणी झाली त्या दिवशी मी रजेवर होतो, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. शिकवतो ते स्वतः करावं, नाहीतर मुलं विचारतील, असं मला वाटलं. मुलांनी कधीच विचारलं नाही. तरी मी कापडी पिशवी बाळगू लागलो, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर टिपणं काढू लागलो आणि आंघोळीचं पाणी कढीपत्त्याला घालायचं ठरवलं. हे शेवटचं बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आजवर कुठं जात होतं?" आमचं गाव लोणी, आंबेगाव तालुक्याच्या कोरड्या अंगाचं. तिथं आंघोळीचं पाणी झाडाला आणि भाजी धुतलेलं म्हशीला, हे पूर्वापार चालत आलेलं. याला शाश्वत जीवनशैली म्हणतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला मे महिना म्हणायचो.

पुढं काही वर्षांनी अशाच एका मे महिन्यात पुतणीचं लग्न निघालं. नवरदेव जुन्नर तालुक्यातला, कॅनॉलच्या पाण्यावरचा बागाईतदार. दादाला मांडवाची, आचाऱ्याची, वाजंत्र्यांची फिकीर नव्हती. त्याला एकच हवं होतं: कोरडवाहू गावातली पोरगी केली म्हणून पावण्यांना नाव ठेवायला जागा सापडू नये. नाव एका दिवसात ठेवलं जातं आणि पोरीला ते जन्मभर ऐकावं लागतं, असं तो म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

माझ्याकडे पत्रावळ्यांचं काम आलं. एव्हाना पत्रावळ्या हा शब्द तेवढा उरला होता. आणायचा असायचा थर्माकोल. मागच्या लग्नातला अजून बाभळींना अडकून होता. मी जाहीर केलं की आपल्या लग्नात थर्माकोल येणार नाही, पानाच्या पत्रावळ्या येतील, आणि मंचरहून एसटी धरून तळेघरला गेलो. उतरल्यावर बरंच चालून एका वाडीत पोचलो. पूर्वी आमच्याकडे पत्रावळ्या पुरवणारं घर मला आठवत होतं. दारात एक बाई नाचणी पाखडत बसली होती.

"पत्रावळ्या? कवाच सोडल्या आमी," ती म्हणाली. "पोराच्या लग्नाला थर्माकोलच आणला. लई हलका, भाऊ. डोंगर चढताना कळत बी नाय डोक्यावर काय हाय."

"पण पानं तर इथं ढिगानं आहेत."

"पानं हायेत. टोचाय माणसं नाय. तुमी काय करता?"

"शिक्षक आहे."

"मंग पोरं हायेत की तुमच्याकडं. पानं मी देते, बसवा त्यांना टोचत."

तिनं चहा पाजला. पेला काचेचा होता, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीनं माझी फेरी अगदीच फुकट गेली नाही.

परतीच्या एसटीत मला सप्ताहाचा तोडगा सुचला. आमच्या गावात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी महाप्रसादाला प्रत्येक माणूस घरून आपलं ताट आणि तांब्या घेऊन येतो, जेवतो, आणि धुऊन घेऊन जातो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग लग्नाला का वाटावा?

"मास्तर," दादा म्हणाला, "ह्ये लगीन हाय, सप्ता न्हाई." रागावला की तो मला मास्तर म्हणायचा.

"गाव ताट घेऊन येईल, दादा."

"गाव यील रे. गाव कशाला बी यील. पावणं काय म्हनतील?"

"पावण्यांना कुठं आणायला सांगतोय? त्यांना थर्माकोलच देऊ. निम्मा तरी कमी लागेल."

निम्म्यावर तत्त्व सोडल्याचं माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. दादाच्याही आलं नाही. पावण्यांना रीतसर थर्माकोल मिळणार म्हटल्यावर तो निवांत झाला.

गाव आलं, काखेत ताट मारून आलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा लोक ताटं मांडीवर घेऊन बसले होते. अक्षता पडल्या त्या ताटांवर वाजल्या, आणि गारा पडताहेत असं वाटून दोघा-तिघांनी मांडवाबाहेर जाऊन आभाळ पाहिलं.

ऊन चढत होतं, म्हणून दादानं दोन्हीकडच्या पंगती एकदमच बसवल्या. पावणं एका ओळीत, समोर आमचं गाव. वारा सुटला. थर्माकोल उडू लागला, तेव्हा वाढप्यांनी प्रत्येक पावण्याच्या पानावर एकेक खडा ठेवला. मीठ, चटणी, बुंदी, भात आणि खडा. समोर गावाची अजून न वाढलेली स्टीलची ताटं लखलखत होती. मी हे सगळं पाहत उभा होतो आणि मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. नवरदेवाच्या चुलत्याला दिसलं. तो गुलाबी फेटा सावरत उठला.

"यजमान," तो म्हणाला, "गावाला स्टील अन् आमाला दगूड? व्हय राव?"

त्याच्यामागं त्याची सगळी ओळ उठली. वाढलेल्या पानावरून व्याही उठले तर पुढं काय होतं हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. नवरी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिनंही ऐकलं होतं. मी पुढं झालो आणि थर्माकोल मातीत कुजत नाही, इथून सुरुवात केली.

"मास्तर, गप ऱ्हा," दादा म्हणाला.

समोरच्या ओळीतून आमच्या भावकीतला एक म्हातारा उठला. त्यानं आपलं ताट तांब्यातल्या पाण्यानं विसळलं, उपरण्यानं पुसलं आणि चुलत्यापुढं ठेवलं.

"बसा, पावणं. बायकोच्या माहेरचं ताट हाय. आमच्यात ह्यात जावई सोडून कुनाला वाढत न्हाईत."

"मंग तुमी कसं बसला व्हता ते घिऊन?"

"मी बी कुनाचा तरी जावईच हाय की."

पावण्यांच्या ओळीत कुणीतरी हसलं. चुलत्यानं ताट उचलून पाहिलं, काठावर कोरलेलं नाव वाचलं, आणि बसला. मग आमची सगळी ओळ उठली. ज्यानं त्यानं आपलं ताट विसळून समोरच्याला दिलं आणि स्वतःला वाढप्यांकडून कोरा थर्माकोल मागून घेतला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या पंगतीलाही तसंच झालं. कारण आता पावण्यांना थर्माकोल देणं शक्यच नव्हतं.

निघताना चुलता दादाचे दोन्ही हात धरून म्हणाला, "थर्माकोलात काय, समदीकडंच जेवतो. घरची ताटं कोन देतं?" पुतणीला सासरी आमच्या गावाच्या पाण्यावरून बरंच ऐकावं लागलं, पण जेवणावरून कधी नाही. दादानं मला दोन दिवसांनी पुन्हा नावानं हाक मारली.

पहिल्या पंगतीची वाढलेली थर्माकोलची पानं वाया गेली होती आणि काही वाऱ्यानं नेली होती. गावाला थर्माकोल कमी पडला, म्हणून भर उन्हात जीपनं मंचरला जाऊन आणखी दोन गठ्ठे आणावे लागले. आणायला मीच गेलो.