डॉक्टरबाईंची निळी गाडी

"आपण गाडी घ्यायची का?" असं माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाच विचारलं. मी तव्यावरची भाकरी उलटत होते. आमच्या इमारतीत चारचाकी उभी करायला जागा नाही आणि तोवर आम्हाला तिची गरजही पडलेली नव्हती. मला वाटलं, गंमत करतायत.

"कुठली गाडी?"

"दहिसरलाच आहे, चेकनाक्याच्या अलीकडे, एका गॅरेजात. बाईंची."

कुठल्या बाई हे विचारायची गरज नव्हती. मी गॅस बारीक केला.

हे ड्रायव्हर. वीस-बावीस वर्षं एकाच डॉक्टरबाईंकडे होते. बाई डोळ्यांच्या डॉक्टर, राहायला मुलुंडला आणि दवाखाना घाटकोपरला. त्यांचे यजमान लवकर गेलेले आणि मुलगा परदेशात. हे पहाटे दहिसरहून बाइकवर निघायचे ते रात्री जेवायलाच परतायचे. बाईंनी या काळात तीन गाड्या बदलल्या, ड्रायव्हर बदलला नाही. शेवटची गाडी घेतली ती जर्मन, गडद निळी. रंग कुठला घ्यायचा हे बाईंनी यांना विचारलं होतं, एवढं मला माहीत होतं, कारण त्या दिवशी घरी येऊन यांनी ते आपणहून सांगितलं. एरवी गाडीतलं घरात आणायचे नाहीत आणि घरातल्यांना गाडीत न्यायचे नाहीत. आमची मुलगी लहान असताना हट्ट करायची, बाबा, एकदाच फिरवा ना. हे म्हणायचे, आपली नाही ती.

बाईंना अपघात झाला तेव्हा हे मुंबईत नव्हते. माझी आई वारली होती आणि तेराव्याला आम्ही दोघं कणकवलीला होतो. एवढ्या वर्षांत यांनी सलग चार दिवस रजा घेतली ती तेव्हाच. बाईंनीच पाठवलं, म्हणाल्या, बायकोबरोबर राहा, मी कुणाला तरी बोलावते. एजन्सीकडून एक तरुण ड्रायव्हर आला. तेराव्याच्या दिवशी सकाळी मुलुंडजवळ हायवेवर एक डंपर बंद पडून उभा होता, त्याच्यावर गाडी मागून गेली. पोरगा खरचटण्यावर वाचला. मागे बसलेल्या बाईंना डोक्याला मार लागला.

आमच्याकडे पंगत बसली होती. यांच्या पानात नुकतं वाढलं होतं तेवढ्यात दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. हे ऐकत राहिले, मग हात न धुता अंगणात गेले. मी आतून वडे घेऊन आले तर पान तसंच. माझ्या भावाने विचारलं, "भावजी खंय गेले गो?" मला तरी कुठे माहीत होतं. बॅग घेऊन ते स्टँडकडे निघून गेले होते. मला फोन आला तो वाटेत, राजापूरहून.

बाई ऑपरेशनं करायला जायच्या त्याच हॉस्पिटलात त्यांना ठेवलं होतं, पण यांना वर सोडलं नाही. वॉचमनने विचारलं, नातेवाईक का? हे म्हणाले, ड्रायव्हर. मग खाली पार्किंगमध्ये, जिथे गाडी लावून एरवी बाईंची वाट बघत बसायचे, तिथेच गाडी नसताना बसून राहिले. दुसऱ्या दिवशी बाई गेल्या.

शोकसभेला मी गेले होते. हे हॉलच्या बाहेर, येणाऱ्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते दाखवत होते. कुणी सांगितलं नव्हतं, आपले लागले कामाला. बाईंचा मुलगा चांगला. यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "काका, आईला तुमचा फार आधार होता." पण त्याच्याभोवती माणसं होती, तो पुढे गेला. मग ती फोनवाली नर्स माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तुमचे मिस्टर फार गप्पिष्ट ना? बाई दवाखान्यात आल्या की सांगायच्या, आज हा असं म्हणाला आणि तसं म्हणाला. आम्ही सगळे हसायचो."

मी मान हलवली. आमच्या घरात हे मीठ मागण्यापुरतं बोलतात. मी मराठी शाळेत शिकवते, दिवसभर बोलून माझा घसा बसतो, म्हणून मला कधी त्याचं वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी हॉलमध्ये बसून मी आठवत राहिले की यांनी मला शेवटचं कधी हसवलं. बाईंचा मला हेवा वाटला. त्या फुलांमागे फोटोत होत्या आणि मला त्यांचा हेवा वाटत होता. असं वाटू नये हे कळत होतं, तरी वाटला.

त्यानंतर यांनी काही दिवस अॅपवरची टॅक्सी चालवून पाहिली. सोडून दिली. म्हणाले, मागे कोण बसलंय कळतच नाही. मग घरीच असायचे. आमच्या गॅलरीतून दहिसरची नदी दिसते, म्हणजे पाणी थोडं आणि कचराच जास्त. तिकडे बघत बसायचे. मुलगी सासरहून यायची, म्हणायची, आई, बाबांना बोलतं कर. मी काय करणार? त्यांना त्यांच्या बाईंबद्दल विचारायचं तर मला माझी आई आठवायची. तिचं तेरावं त्या फोनपाशी तुटलं ते तुटलंच. नंतर कुणी मला विचारलं नाही, तुला कसं वाटतंय. घरात त्याहून मोठं काहीतरी झालेलं होतं.

अशात तो गॅरेजचा निरोप आला. यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर तिथे टायर बदलायला गेला होता, त्याने नंबर ओळखला. "अरे, तुझी निळी इथे उभी आहे, विकायला."

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास गेला की विमा कंपनी ती 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे देते आणि मोडकी गाडी लिलावात काढते. कुणीतरी ती उचलतो, ठोकून, रंगवून उभी करतो आणि विकतो. नवी छोटी गाडी येईल तेवढ्यात अशी मोठी गाडी मिळते. घेणारे घेतात, कुणी हौसेने, कुणी लग्नात भाड्याने द्यायला. हे सगळं यांनी मला त्या रात्री जेवताना सांगितलं. कित्येक महिन्यांत एवढं बोलले नव्हते.

"आणि लावायची कुठे?" मी विचारलं.

"नदीच्या रस्त्याला. रात्री मी खाली झोपेन हवं तर."

"कशासाठी घ्यायची, ते तरी सांगा."

"तशीच तिथे उभी राहील. कुणीही येईल, बघेल, दार आपटेल." एवढं म्हणून ते उठले.

बँकेत आमचं म्हातारपणासाठी ठेवलेलं होतं, त्यातून जमलं असतं. मी ठरवलं होतं, जाऊन बघायचं आणि तिथेच नाही म्हणायचं. रविवारी आम्ही गेलो.

गाडी पत्र्याच्या शेडखाली होती. मला तर नवीच वाटली. गॅरेजवाला पंचेचाळीसच्या आसपासचा, हातात चहाचा ग्लास, बोलायला मोकळा. "मालक, तुम्ही स्वतः ड्रायव्हर, तुमच्यापासून काय लपवणार? पुढचं तोंड दुसऱ्या गाडीचं आहे. कापून जोडलंय. काम झकास झालंय, पण जोडलंय ते जोडलंय. इंजिन चांगलं. एअरबॅग फुटल्या होत्या, नव्या टाकल्या नाहीत, नुसती झाकणं बसवलीत. त्या टाकायच्या तर किंमत कुठल्या कुठे जाते."

हे पुढच्या बाजूला गेलेच नाहीत. मागचं दार उघडून उभे राहिले. सीटवर नवं काळं कव्हर चढवलं होतं. यांनी कोपऱ्यातून ते वर उचललं. खाली मूळची फिकट सीट होती आणि तिच्यावर तपकिरी डाग. "चहा," मला म्हणाले. "भांडुपच्या खड्ड्यात सांडला होता. मलाच ओरडल्या." आणि कव्हर पुन्हा नीट खोचून ठेवलं, जसं झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तसं.

"चालवून बघा ना," गॅरेजवाला म्हणाला. तो पुढे यांच्या शेजारी बसला. मी मागे बसले. त्या गाडीत मी पहिल्यांदाच बसत होते. आतमध्ये रंगाचा आणि अगरबत्तीचा वास होता. यांनी सीट मागेपुढे केली, आरसा बोटाने जरासा खाली केला आणि आरशातून मागे बघत म्हणाले, "बाई, पट्टा."

गॅरेजवाल्याने विचारलं, "काय म्हणालात?"

आरशात मला फक्त यांचे डोळे दिसत होते, ते समोर रस्त्याकडे गेले होते. मी पट्टा ओढला आणि लावला. खट आवाज झाल्यावरच गाडी हलली.

बोरिवलीला नॅशनल पार्कपर्यंत जाऊन आम्ही वळलो. मी तीस वर्षं या माणसाबरोबर संसार केला आणि त्याचं काम कधी पाहिलं नव्हतं. बाइकवर मागे बसले होते, पण ते वेगळं. इथे ब्रेक लागतोय हे कळत नव्हतं. एक रिक्षा आडवी आली तरी हॉर्न नाही. खांदे सैल सोडलेले आणि चेहरा शांत. घरात गॅलरीत बसणारा माणूस हाच का, असं वाटत होतं. माझं सगळं ठरवलेलं तिथे वितळलं. मनात आलं, घेऊन टाकू या. नसेना का जागा. हा माणूस परत मिळत असेल तर घेऊ या.

शेडमध्ये परत आल्यावर गॅरेजवाला फोनवर बोलायला बाजूला गेला. मी यांना म्हणाले, "घेऊ या. मी खरंच सांगतेय."

यांनी मान हलवली. "डावीकडे ओढते. तुला कळलं नसेल. पुढे आणखी ओढेल."

"मग दुरुस्त करू."

"होत नाही ते. एकदा ठोकली तर पुढचं सगळं आत येईल. एअरबॅग पण नाहीत. हिच्यात कुणाला बसवायचं?"

"कुणाला कशाला? आपण दोघंच."

"म्हणजे तूच बसणार ना," ते म्हणाले.

यांनी किल्ली गॅरेजवाल्याच्या हातात दिली आणि त्याला म्हणाले, "जो घेईल त्याला हे सगळं सांगा, जसं मला सांगितलंत." तो म्हणाला, "सांगतो ना, मालक. सगळ्यांना सांगतो." सांगितलं की नाही देव जाणे. निघताना यांनी बॉनेटला हात लावला नाही. डिकीपाशी मात्र थांबले, हाताने तिथली धूळ पुसली आणि तो हात पँटला पुसला.

बसस्टॉपवर बाकडं होतं. बस येत होत्या आणि जात होत्या, पण आम्ही उठलो नाही. हे आपणहून बोलायला लागले. "रोज सांगायला लागायचं. वैतागायच्या. म्हणायच्या, मागे बसून कुणी पट्टा लावतं का रे? मी म्हणायचो, तुम्ही लावत नाही तोवर गाडी जागची हलणार नाही. मग लावायच्या, तोंड फिरवून. त्या पोराला काय माहीत? निघताना मी त्याला फोनवर सगळं सांगितलं. किल्ली कुठे, पेट्रोल कुठे भरायचं, बाईंना हॉर्न आवडत नाही. हे तेवढं सांगायचं राहिलं."

मी त्यांचा हात धरला. भर रस्त्यात, चेकनाक्यावर. आमच्यात तशी रीत नाही. ते रडले. आवाज नाही, नुसतं पाणी. शेजारी कोळंबीची रिकामी टोपली घेऊन एक कोळीण बसली होती. ती उठून थोडी पलीकडे उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुझ्या आईच्या पंगतीतून उठलो मी. पानाला नमस्कारही केला नाही. तू मला काही बोलली नाहीस."

"काय बोलणार होते?"

"तू त्या दिवशी जेवलीस का?"

मी आठवून पाहिलं. "नाही जेवले."

मग त्यांनी माझ्या आईबद्दल विचारलं. शेवटच्या दिवसांत काय बोलायची, मला ओळखत होती का. मी सांगितलं की मला ती तिच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची आणि मी ओ द्यायचे. हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती, दोघंही उपाशी. सकाळचं पिठलं होतं, तेच खाल्लं.

दिवाळीआधी गाडी गेली. त्या ओळखीच्या ड्रायव्हरने सांगितलं, शेड रिकामी आहे. कुणी नेली ते त्याने विचारलं नव्हतं आणि यांनीही विचारलं नाही.

आता हे कांदिवलीला एका सोसायटीच्या ऑफिसात बसतात, पाण्याच्या टँकरचं आणि लिफ्टवाल्याचं बघतात. थोडं जास्त बोलतात. कधी कधी बाईंची एखादी गोष्ट सांगतात आणि मी हसते, ती खरोखरच गमतीची असते म्हणून. पण ती संपली की आम्ही दोघं गप्प होतो आणि मग घरातलं काहीतरी काम निघतं.

मागच्या महिन्यात यांच्या लायसन्सची मुदत संपली. मी दोनदा आठवण केली, म्हटलं, मी येते बरोबर, फोटो काढावा लागेल. पेपर बाजूला न करता म्हणाले, "राहू दे."

"अहो, असावं जवळ. कधी लागलं तर?"

"नाही लागणार," ते म्हणाले, आणि पान उलटलं.